हंड्यासह जलविहार

तलासरीच्या बाजूला एका डोंगरावर एक तळं आहे. ते जूनमध्ये येतं आणि मार्चमध्ये जातं. उरलेल्या महिन्यांत तिथे वरच्या पाड्याची गुरं उभी राहतात आणि पाणी कुठे गेलं याचा विचार करतात.

शैलेशने ते पाहिलं ऑगस्टमध्ये, सुट्टीच्या दिवशी. बायकोने, म्हणजे लतिकाने, तळ्याकाठी हात पसरून उभा असताना त्याचा फोटो काढला. शैलेश डहाणूच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक होता. सोमवारी वरून पत्र आलं : ‘वर्षभर मैदानी मनोरंजन देऊ शकेल असे पर्वतीय सरोवर सायंकाळपर्यंत सुचवावे.’ फोटो मोबाइलमध्ये होताच. पत्रासोबतच्या अर्जातल्या ‘पाणी’ या रकान्यापाशी मात्र तो अडला. माणूस वाईट नव्हता. खोटं लिहावं असं त्याच्या मनातही नव्हतं. पण खरं लिहायचं तर मे महिन्यात डोंगर चढून बघायला हवं होतं आणि मुदत संध्याकाळची होती. त्याने ‘बारमाही’ असं लिहिलं आणि चहाला गेला.

मंजुरी आली. पाठोपाठ हंसाच्या आकाराच्या दोन पायडलच्या बोटी आल्या, बारा लाइफ जॅकेटं आली, ‘पाणी खोल आहे’ अशी पाटी आली. पाड्यावरचा शुक्रा जीवरक्षक झाला. मार्चमध्ये पाणी रीतसर गेलं आणि हंस चिखलात बसले. पाटी तेवढी जागची हलली नाही.

एप्रिलमध्ये पाड्यावरची काळी नावाची बाई आणखी सात बायकांना घेऊन कार्यालयात आली.

“साहेब, आमचे पाड्यावर टँकर नाय आला यंदा.”

शैलेशने चौकशी केली. टँकर बंद झाला होता, पण नियमानेच. हाकेच्या अंतरावर बारमाही सरोवर असलेल्या वस्तीला टँकर देता येत नाही.

“तळं सुकलंय ना! बारा महिने पाणी हाय असं कोण बोलला?”

“कागदावर आहे,” शैलेश म्हणाला. कागदावरचं अक्षर कोणाचं, हे त्याने सांगितलं नाही. त्याला मनापासून लाज वाटली आणि ती घेऊन तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

“दुरुस्ती करता येईल की,” साहेब म्हणाले. “मग बोटी कोणाच्या अक्षरावर आल्या, तेही दुरुस्त करावं लागेल. निवृत्तीला किती वर्षं आहेत तुमच्या?”

शैलेशची लाज तिथेच ओसरली. लाज ओसरली की डोकं चालतं. योजनेत त्याला एक कलम सापडलं : जलक्रीडेसाठी पाण्याची पातळी राखावी, गरज भासल्यास टँकरने. तळ्याच्या एका कोपऱ्यात शेततळ्याचं प्लास्टिक अंथरलं गेलं आणि रोज तीन टँकर त्यात रिकामे होऊ लागले. पहिल्याच टँकरमागे बायका हंडे घेऊन धावल्या. शुक्राने शिट्टी वाजवून त्यांना थोपवलं.

“नळालाच हंडा लावू द्या ना, साहेब,” काळी तिथे उभ्या असलेल्या शैलेशला म्हणाली. “खाली ओतून गढूळ कशाला करता?”

“तसं केलं तर ते पिण्याचं पाणी होईल.”

“मग?”

“पिण्याचं पाणी मंजूर नाही.”

काळीने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने तोड काढली. पाणी पर्यटकांसाठी आहे ना? मग बायकांनी पर्यटक व्हावं. वहीत नाव लिहायचं, जॅकेट घालायचं, गुडघाभर पाण्यात बोटीची एक फेरी मारायची आणि उतरताना ‘सोबतचे सामान’ म्हणून हंडा भरून न्यायचा.

“चूल सोडून आम्ही हंस फिरवायचा?” काळी म्हणाली. पण घरात थेंब नव्हता. भर उन्हात, नारिंगी जॅकेट घालून, मांडीवर हंडा घेऊन ती पायडल मारू लागली.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात तळ्यावर विक्रमी पर्यटक आले. रोज त्याच बायका. पण वहीला चेहरे दिसत नाहीत. शैलेशला प्रशस्तिपत्र मिळालं. लतिकाने ते स्वयंपाकघरात, पाण्याच्या फिल्टरवर टांगलं. काळीचा हंसावरचा फोटो माहितीपत्रकावर झळकला आणि फोन सुरू झाले. गाडी वरपर्यंत जाते का, जेवण घरगुती आहे का, नेटवर्क मिळतं का. फोटोतल्या बाईच्या मांडीवर हंडा कशाला, हे एकानेही विचारलं नाही. शैलेशला ते बरंच वाटलं.

मग खरे पर्यटकही आले. त्यातल्या एकाने अभिप्रायाच्या वहीत लिहिलं : ‘स्थळ रम्य. मात्र स्थानिक महिला हंडे घेऊन बोटी अडवतात व ते फोटोत येतात. कृपया बंदोबस्त व्हावा.’

अभिप्रायावर सात दिवसांत कार्यवाही बंधनकारक होती. बोटीत सामान नेण्यास मनाई करणारा आदेश शैलेशनेच टाइप केला. चूक एकही झाली नाही.

आदेश वाचून दाखवायलाही तोच डोंगर चढला. काळीने रिकामा हंडा खाली ठेवला.

“आता हे कोण बोलला?”

या वेळी शैलेशने सुटकेचा श्वास टाकला आणि अभिप्रायाची वही तिच्यापुढे उघडून धरली.

“हे माझं अक्षर नाही, बाई.”

खरंच नव्हतं. सहीवरून नाव कळत नाही. अक्षर मात्र वळणदार आहे, शिकलेल्या माणसाचं. जरा निरखून बघा, ओळखीचं वाटेल.