शेवाळ खाणारा मासा

केंद्राच्या टाकीतले मासे रोज कमी होत होते आणि साहेबांचा संशय माणसांवर होता. माशांवर संशय घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. नदीतला हा मासा जन्मभर शेवाळावर जगतो, या शोधावर त्यांना डॉक्टरेट आणि पाठोपाठ मत्स्य संशोधन केंद्राच्या प्रमुखाची खुर्ची मिळाली होती. शोधासाठी त्यांनी बोटभर पिल्लं तेवढी तपासली होती. मोठे मासे खोल पाण्यात राहतात आणि साहेबांना पोहता येत नव्हतं.

आता खुर्चीची मुदत संपत आली होती. ती वाढवायची की नाही, हे ठरवायला समिती येणार होती. लहानथोर मासे गुण्यागोविंदाने शेवाळ खाताहेत, हे तिला दिसावं म्हणून साहेबांनी बोटभर, वीतभर आणि हातभर असे सगळे एकाच टाकीत सोडले होते.

पिल्लं घटली तेव्हा मांजरावर खापर फोडून त्यांनी जाळी बसवली. जाळीखालचे वीतभर मासेही घटू लागले, तेव्हा पहारेकऱ्याला फैलावर घेतलं. आपण मासे तोंडातही घालत नाही, असं तो शपथेवर सांगू लागला. चोर असंच म्हणतो, असं साहेबांनी त्याला सुनावलं आणि टाकीला कुलूप ठोकून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. तरीही मासे घटले. मग खिशापर्यंत हात पोचणारं घरात कोण, याचा ते विचार करू लागले.

जेवताना त्यांनी आडून आडून विषय काढला. बायको वाढता वाढता थांबली.

"मोठ्यांनी खाल्ले असतील."

"ते शेवाळ खातात."

"आपले चिरंजीवही आधी नुसत्या दुधावर होते. आता हाडूकसुद्धा सोडत नाहीत."

"मुलाचा इथे काय संबंध?"

"काही नाही. त्याच्यावर तुम्ही प्रबंध लिहिला नाहीत, एवढंच."

समिती आली तेव्हा टाकीत फक्त दीड मासा उरला होता. शेवाळ होतं तसंच होतं. गलेलठ्ठ माशाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी वळवळत होती.

"याच्या तोंडात काय आहे?" एका सदस्याने विचारलं.

अध्यक्ष चष्मा पुसून टाकीवर वाकले. प्रबंधाला मार्गदर्शन त्यांचंच होतं आणि स्वतःचं नावही त्याच्याच जोरावर झालं होतं. ते बराच वेळ पाहत राहिले.

"शेवाळ," ते म्हणाले.

"पण सर, ते हलतंय."

"ताजं आहे."

मुदतवाढ एकमताने मंजूर झाली. चोरी थांबवता न आल्याबद्दल पहारेकऱ्याची तेवढी बदली झाली.