टोपलीतला चारशेवा दिवस

निहालने टोपली वर ओढली तेव्हा तिच्यात डझनभर अंडी, भाकऱ्यांचं पुडकं आणि सासूबाईंचा मोबाइल होता. अंडी आणि भाकऱ्या तिने मागवल्या होत्या.

शुब्रा वस्तीतल्या त्या इमारतीत पाचव्या मजल्यावरची माणसं जिना उतरायची ती लग्नाला नाहीतर दवाखान्यात जायला. बाकी सगळा व्यवहार दोरीला बांधलेल्या टोपलीतून. चिठ्ठी खाली, सामान वर. पण मोबाइल? निहालने वळून पाहिलं. तिचा सव्वा वर्षाचा मुलगा यहिया बाल्कनीच्या दारात बसून कपड्यांचा चिमटा चघळत होता. याच आठवड्यात त्याने चमचा कुंडीत पुरला होता आणि बापाची चप्पल वॉशिंग मशीनमध्ये टाकली होती. शंकेला जागाच नव्हती.

"तूच टाकलास ना?"

यहियाने उत्तरादाखल ओला चिमटा पुढे केला. तिने तो काढून घेतला.

फोन पुसता पुसता पडदा उजळला. समोर रोजचं शब्दकोडं होतं. पाच अक्षरांचा एक अरबी शब्द, ओळखायला सहा प्रयत्न; अक्षर जागेवर बसलं की त्याचा चौकोन हिरवा. त्यांतले पाच वापरून संपले होते. आणि आज चारशेवा दिवस होता.

हजला जाऊन आलेल्या तिच्या सासूबाई हज्जा इन्शिराह आणि त्यांची अलेक्झांड्रियाची धाकटी बहीण कौसर, दोघी गेले तीनशे नव्व्याण्णव दिवस न चुकता हे कोडं सोडवून रंगीत चौकोन एकमेकींना पाठवत होत्या. पैज अशी, की जिची साखळी आधी तुटेल तिने वसंताच्या सणाला दुसरीच्या सगळ्या गोतावळ्याला घरी जेवू घालायचं. कौसरचा गोतावळा अकरा जणांचा. त्यात त्या दिवशी फसीख लागतो; मिठात मुरवलेला हा मासा घरात आला की त्याचा वास पडद्यांतून पार उन्हाळ्यापर्यंत जात नाही. अकरा पाहुणे, फसीखचे काटे आणि दिसेल ते तोंडात घालणारं पोर, हे चित्र निहालच्या डोळ्यांपुढून हलेना.

गेल्याच शुक्रवारी तिचा नवरा रमझी जेवता जेवता म्हणाला होता, "आई, असली कोडी आता यंत्रं डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडवतात. पाच वर्षांनी कुणी खेळणार पण नाही."

"यंत्राला बहीण असते का रे?" हज्जाने विचारलं होतं.

"नाही."

"मग त्याला काय मजा येणार? भात घे."

निहाल कठड्यावरून वाकली. "लमईकाका, या फोनला कुणी हात लावला?"

"मी लावला की," खालून वाणी लमई म्हणाला. "पण आज टोपली फार लवकर आली, सूनबाई. मग आहेत त्या माणसांत भागवलं."

तो अंड्यांबद्दल बोलतोय असं निहालला वाटलं. तिने ओळी वाचल्या. जैतून, साबण, तहिना: हे सरळसरळ लमईचं दुकान होतं. चौथी ओळ इस्त्री, म्हणजे शेजारचा इस्त्रीवाला सय्यद. पाचवी गाडी, तो कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला असणार. टॅक्सीवाल्याचं एकही अक्षर जागेवर लागलं नव्हतं, पण इस्त्रीने दोन चौकोन हिरवे केले होते आणि जैतूनने एक. यहियाला कडेवर घेऊन ती त्या तीन अक्षरांकडे टक लावून बघत राहिली. आणि शब्द दिसला. किल्ली.

तिने श्वास रोखून तो भरला. सगळी ओळ हिरवी झाली. चारशे.

आनंद टिकला दोन सेकंद. मग खाली बारीक अक्षरांत दिसलं: पुढचं कोडं उद्या. म्हणजे साखळी वाचली, पण सासूबाईंचा आजचा दिवस तिने खाऊन टाकला होता. दुसऱ्याच्या ताटातला घास खाऊन वर ताट घासून ठेवल्यासारखं.

समोरच्या बिऱ्हाडात उम्म हाशिमकडे गेलेल्या हज्जा इन्शिराह तेवढ्यात परतल्या. आल्या आल्या त्यांनी टोपलीत डोकावून पाहिलं.

"माझा फोन कुठाय?"

"आई, माझंच चुकलं. पोरावर लक्ष हवं होतं. अंडी संपली म्हणून मी आंघोळीआधीच टोपली सोडली, याने त्यात फोन टाकलेला, आणि खाली सगळ्यांनी मिळून..."

हज्जाने फोन डोळ्यांजवळ नेला. "सहा ओळी. शेवटची कुणाची?"

"माझी."

 हज्जा बाल्कनीत गेल्या आणि खाली वाकल्या. "लमई, मास्तर मेले होते का आज?"

"मास्तर नऊला येतात, हज्जा. टोपली आली आठला. मी तरी काय करू? सय्यदला विचारलं."

 निवृत्त गिरगिस मास्तर रोज नऊला लमईकडे वर्तमानपत्र घ्यायला येतात, आणि रोज नऊला आपण यहियाला आंघोळ घालत असतो, हे निहालला हळूहळू एकत्र दिसू लागलं.

"पहिले चाळीस दिवस मीच सोडवलं," कुणी न विचारताच हज्जा म्हणाल्या. "मग मोतीबिंदू झाला."

"त्याचं ऑपरेशन झालं ना, आई? त्यालाही आता दहा महिने होतील."

"झालं. पण तोवर मास्तरांना सवय लागली होती. म्हाताऱ्या माणसाचं मन कसं मोडायचं?"

"मग फोन याने नाही टाकला?"

"मीच ठेवला होता, फडक्याखाली. नऊला दोरी सोडणार होते, तेवढ्यात उम्म हाशिमने बोलावलं."

निहालने गुपचूप यहियाचा चिमटा त्याला परत दिला.

हज्जाने चौकोन पाठवले. मिनिटभरात कौसरचा आवाज घरभर घुमला. "इन्शिराह, सहा ओळी? तुझा मास्तर आजारी आहे की काय गं? माझ्या सुनेने तर चारात सोडवलं."

हज्जा खुर्चीत बसल्या. मग बराच वेळ त्या निहालकडे बघत राहिल्या, बाजारात पूर्वी न दिसलेलं दुकान दिसावं तशा.

"तुला किती वेळ लागला?"

"मिनिटभर. कडेवर हा होता."

"हा कडेवर असताना मिनिटभर," हज्जा स्वतःशीच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निहालच्या चहाच्या पेल्याशेजारी फोन उघडून ठेवलेला होता.

"पहिल्या दोन ओळी तू भर," हज्जाने सांगितलं. "सगळं सोडवू नकोस. मग नऊला टोपली सोड, मास्तर वाट बघत असतात."

"आणि तुम्ही, आई?"

हज्जाने चहाचा घोट घेतला. "पाठवायचं काम माझं. चारशे दिवसांत एकदाही चुकले नाही."