राणीसाहेबांच्या निबेचा उतार

श्रीशारदेचे स्मरण करून, ऐकीव ते वगळून घडले तेवढेच लिहिले आहे. शके अठराशे बावन्न, प्रमोदनाम संवत्सरी, नाव सांगू नये अशा एका राज्यात केदारजीराजे गादीवर होते, आणि राजांस शाईपेनांचा मोठा शौक. विलायतेहून, जपानाहून पेने येत, कोणाच्या अंगावर सोनेरी वेल, कोणास शिंपल्याचे टोपण, आणि राजे स्वतः कपाट उघडून एकेक पेन तळहातावर तोलीत, टोपणाचे आटे फिरवीत, आणि एखादी ओळ ओढून, शाई वाळण्याआधी क्षणभर चमकते ती पाहून तृप्त होत, मग निब धुऊन पेन पुन्हा मखमलीत निजवीत. आपले पेन दुसऱ्याचे हाती देऊ नये, ऐसा राजांचा दंडक, कारण निबेचे टोक लिहिणाराच्या हाताप्रमाणे झिजते आणि परक्या हातास मानत नाही. राणी चंपावतीबाईसाहेब यांजपाशी एकच काळे पेन, राजांनीच दिलेले, ते त्या रोज चालवीत आणि म्हणत, "इकडची पेनं म्हणजे शालू नेसून बसलेल्या जावा. कामाला हात लावतील तर शपथ!" राजे उत्तर करीत, "कामाला लावायला तुम्हाला मी आहे ना." मग त्याच साली राणीसाहेब विषमज्वराने कैलासवासी जाहल्या, आणि राजांनी ते पेन न धुता तैसेच कपाटात ठेविले. ऐसी चूक त्यांनी कधी केली नव्हती, परंतु राणीसाहेबांनी भरलेली शाई ओतून टाकावयास हात होईना.

वर्षश्राद्धास पेन बाहेर काढिले, तो शाई आत वाळून दगड जाहली होती. मग पेने दुरुस्त करणारे दस्तगीरभाई यांस बोलावणे गेले, आणि त्यांनी पेन कोमट पाण्यात सोडिले, आणि पाण्यात धूर पसरावा तैसी निळी शाई सुटली, आणि राजे ती विरेपर्यंत पाहत बसले. मग नवी शाई भरून राजांनी ओळ ओढिली, तो निब कागदावर खरखरली. दस्तगीरभाई भिंग लावून म्हणाले, "बाईसाहेब पेन डावीकडे कलतं धरीत. तेवढा उतार पडलाय. हुजूर सरळ धरतात. म्हणाल तर घासून देतो, लोण्यासारखी चालेल. पण उतार जाईल."

कारभारी नारोपंत म्हणाले, "महाराज, धुऊन काचेच्या पेटीत ठेवावं. उतारही राहील, दर्शनही होईल."

राजे म्हणाले, "उतार राहील, पंत, पण पेन तिचं राहणार नाही. तिनं ते एक दिवस बसवून ठेवलं नाही. दस्तगीरभाई, निब घासू नका. मीच हात वळवतो."

मग राजे मनगट डावीकडे कलते करून रोजची आज्ञापत्रे त्याच पेनाने लिहू लागले, आणि अक्षर ऐसे बिघडले की कचेरीत कारकून आपसांत म्हणत, "आज महाराजांनी लिहिलंय, की कोंबडीनं?" कागद फाटत, बोटे अवघडत, आणि जुन्या सवयीने हात सरळ होई तेव्हा राजे दचकून थांबत, कारण सरळ हाताने ओळ लिहिली म्हणजे तितका उतार पुसला जाणार, हे त्यांस ठाऊक. ऐसा पावसाळा सरला आणि हिवाळा आला, आणि एके सकाळी एका गावच्या पाटाच्या पाण्याचा हुकूम लिहिताना पेन एकाएकी गुळगुळीत चालू लागले. नारोपंत म्हणाले, "वा! साधलं, महाराज!" परंतु राजांचे तोंड पांढरे पडले, आणि ओळ अर्ध्यात टाकून त्यांनी दस्तगीरभाईंस आणविले आणि विचारिले, "पाहा. ती आहे, की गेली?"

भिंगाखाली निब बहुत वेळ फिरली. दस्तगीरभाई म्हणाले, "उतार आहे, हुजूर. थोडा त्यांचा, थोडा आपला. कुठला कुणाचा, ते आता मला सांगता यायचं नाही."

मग राजांनी पेन हाती घेतले, आणि पाण्याचा हुकूम पुरा केला.

सारांश, ते पेन राजांनी टोक झिजून निब चिरेपर्यंत चालविले, आणि नवी निब बसविण्याची आज्ञा दिली नाही. शौक अखेरपर्यंत होता, नवी पेने येतच राहिली. परंतु लिहून संपविलेले पेन त्या राज्यात हे एकच. वर्तमान घडले तैसे नोंदिले असे.