परचुऱ्यांच्या गाडीची आतली बाजू

परचुऱ्यांच्या गाडीत बसायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. गाडी कुठे जात नसे. अकरा वर्षं ती आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत, जिन्याशेजारच्या पार्किंगमध्ये एकाच जागी उभी होती. तरीही दार उघडण्याआधी परचुरे पाहुण्याच्या पायांकडे बघत. पाहुणा मुकाट्याने चपला काढी. मग ते म्हणत, "या, बसा. लगेच टेकू नका."

बाहेरून गाडीकडे बघवत नसे. पत्रा गंजलेला, एका गोल दिव्याच्या जागी भोक आणि टपावर कबुतरांची वहिवाट. आत मात्र एखाद्या नीटनेटक्या घराच्या दिवाणखान्यासारखं. घड्याळ चालू, काचा खाली-वर करायचे दांडे लखलखीत, छताला ताणून बसवलेलं नवं कापड. हे असं उलटं का, म्हणून मी एकदा विचारलं.

"बाहेरून लोक बघतात, सेक्रेटरी. आत आपण बसतो. लोकांची सोय मी का बघू?"

सेक्रेटरी म्हणजे मी. दुसरं कोणी तयार नसल्याने सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझी सलग सहा वर्षं एकमताने निवड होत आली आहे.

परचुरे सरकारी नोकरीत नकाशे काढत. निवृत्त झाल्यावर नकाशे संपले, पट्टी राहिली. गाडी वडिलांची. तिची आतली बाजू नवी असताना जशी होती तशी करायची, असं त्यांनी ठरवलं. "मूळ म्हणजे मूळ" हे त्यांचं पालुपद. ते इतक्या ठाम आवाजात येई की पुढे चर्चेला जागाच उरत नसे.

पण मूळ काय होतं हे कळायलाच त्यांना महिना लागला. सीटवर टर्किश टॉवेल होता. त्याखाली रेक्झिनचं कव्हर, त्याखाली आणखी एक कव्हर आणि त्याच्याही खाली गाडीबरोबर आलेला प्लॅस्टिकचा कागद. सीट खराब होईल म्हणून तो वडिलांनी कधी काढू दिला नव्हता. परचुऱ्यांनी तो फाडला तेव्हा आत पोपटी रंग निघाला. ते मला बोलवायला वर आले. आम्ही दोघं बराच वेळ त्या पोपटी रंगाकडे बघत उभे होतो.

"आख्खं आयुष्य या सीटवर बसलो," ते म्हणाले, "आणि ही पाहिलीच नव्हती."

त्या पोपटीची किनार मिळवायला ते शनिवार पेठेतल्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. ब्लाउजपीस घेणाऱ्या बायकांच्या रांगेत उभे राहिले. काउंटरवरच्या बाईंनी तुकडा उजेडात धरून विचारलं, "साडी आणलीय का?"

"गाडीला हवंय."

"मग गाडी आणा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. परचुऱ्यांना हे उत्तर फार आवडलं. "बाई कामाची आहे," ते म्हणाले. "नमुन्याशिवाय बोलत नाही."

शिवणकाम नाना पेठेतल्या इक्बालभाईंकडे होतं. पहिल्या सीटची शिवण त्यांना तीनदा उसवावी लागली. चौथ्यांदा सीट घेऊन आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, गाड्यांची कामं लई केली. पण दोरा मोजणारा माणूस पहिल्यांदा बघितला." तरी ते येत राहिले. मोजून घेणारं गिऱ्हाईक मिळाल्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत असावा. मापं घेताना टेपचं दुसरं टोक बहुतेक वेळा माझ्या हातात असे. त्यामुळे जमिनीपासून सीट तेरा इंचांवर, हे आजही मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

कुसुमताई परचुरे या प्रकाराकडे जिन्यातून बघत. बुटक्या, चटपटीत आणि बोलायला नवऱ्यापेक्षा दीड पट. कारखान्यातून निघतानाही ही गाडी इतकी स्वच्छ नसेल, असं त्यांचं मत होतं. जुन्या सहलींचा विषय निघाला की दोघांचं हमखास वाजे.

"तेव्हा खंबाटकीला थांबलो होतो," परचुरे म्हणत.

"तारेवर खंड्या बसला होता, तिथे ना?"

"खंड्याचं काय घेऊन बसलीस? घाट. वळणं. शेजारी ट्रक उलटला होता."

"ट्रक नाही बाई आठवत. ढग होते मात्र. मोठे, पांढरे."

परचुरे माझ्याकडे वळत. "बघा. सगळा महाराष्ट्र दाखवला हिला. हिच्या लक्षात काय, तर ढग आणि झाडांचे शेंडे."

यंदा सोसायटीत विजेवरच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करायचं ठरलं आणि त्यासाठी नेमकी परचुऱ्यांचीच जागा सोयीची निघाली. सभेत खराडीला नोकरीला जाणारा एक तरुण सभासद म्हणाला, "काका, नो ऑफेन्स, पण ते स्क्रॅप आहे."

"ती इथे तुमच्या आधीपासून राहते," परचुरे म्हणाले. "आणि तिचा आवाज नाही."

महिन्याभरात गाडी हलवावी, असा ठराव झाला. नोटिशीवर सही माझी होती. परचुऱ्यांनी ती वाचली, त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि पोच दिली.

मार्ग मीच शोधला. माझ्या ओळखीत जुन्या गाड्यांचे एक संग्राहक होते. गावाबाहेर त्यांची मोठी शेड होती. ते मे महिन्यात डोक्यावर लोकरी टोपी घालून आले आणि दहा मिनिटांत पाच वेळा 'वारसा' म्हणाले. गंजाकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. आत मात्र त्यांचे डोळे विस्फारले. बूट त्यांनीही काढले होते. एका मोज्याला भोक होतं. ते दिसल्यावर माझं दडपण बरंच कमी झालं.

"पत्रा आम्ही बघू, इंजिनही बघू," ते म्हणाले. "आतलं काम असं आजकाल होत नाही. शेडमध्ये हिला कायमची जागा." मग ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले, उठले, पुन्हा बसले. "ही डावी सीट उंच वाटते."

मी टेप काढला. उजवी सीट तेरा इंच. डावी सोळा.

मला वाटलं, आता इक्बालभाईंची धडगत नाही. पण परचुरे शांत होते. "माझ्या सांगण्यावरून केलीय," ते म्हणाले.

"मूळ मापात आणा. मग उद्याच गाडी नेतो."

"नाही."

"अहो, तीन इंचांचा तर प्रश्न आहे."

"म्हणूनच नाही."

संग्राहक बूट घालून निघून गेले. कायमची जागाही त्यांच्याबरोबर गेली. मुदतीचे चार दिवस उरले होते. मी चिडलो होतो. "परचुरे, दोऱ्यासाठी त्या माणसाला तुम्ही चार चार खेपा घालायला लावल्या. मूळ म्हणजे मूळ ना?"

ते पायरीवर बसले. पट्टी खिशात घातली, पुन्हा काढली.

"छताचं कापड लावत होतो," ते म्हणाले. "डाव्या सीटवर. पाय घसरला आणि खाली सरकलो. पार खाली. कुसुमचं डोकं येतं ना, तेवढ्यावर माझं डोकं आलं. समोर पाहिलं, तर डॅशबोर्ड. त्याच्या वर आभाळ. बाकी काही नाही."

मी हातातला टेप गुंडाळला.

"तीस वर्षं ती माझ्या शेजारी बसली. रस्ता तिला दिसलाच नव्हता, सेक्रेटरी. मी तिला विचारलं, बोलली का नाहीस कधी? म्हणाली, तुम्ही गाडी चालवत होतात, मध्ये कशाला बोलायचं."

शेवटी खेड शिवापूरच्या मेहुण्यांनी त्यांच्या रिकाम्या गोठ्यात जागा दिली. तिथे पाऊस आत येतो, उंदीर आहेत, आणि हे सगळं परचुऱ्यांना माहीत होतं. रविवारी सकाळी टेम्पो आला. मागे दोर बांधून गाडी ओढत न्यायची होती. ब्रेक तेवढे परचुऱ्यांनी दुरुस्त करून घेतले होते. "याला मात्र मूळ चालणार नाही," म्हणाले.

कुसुमताई चांगली साडी नेसून खाली आल्या. "गोठ्यात जायचं तर एवढा थाट कशाला, असं विचारू नका," त्यांनी मला बजावलं. परचुऱ्यांनी डावीकडचं दार उघडून धरलं. बायकोच्या पायांकडे त्यांनी पाहिलं नाही. कुसुमताई चपलांसकट आत बसल्या. परचुरे स्टिअरिंगशी बसले आणि मी मागे, माझ्या चपला मांडीवर घेऊन.

टेम्पो हलला, दोर ताणला गेला आणि अकरा वर्षांनी गाडी फाटकाबाहेर पडली. राजाराम पूल आला. कुसुमताई मान ताठ करून समोर बघत होत्या. त्यांनी हात पुढे करून डॅशबोर्डवर ठेवला.

"अहो, आत बसून गाडीचं नाक दिसतं होय?"

"पहिल्यापासून दिसतं," परचुरे म्हणाले. मग पूल संपत आल्यावर, "म्हणजे, मला."

ते कुसुमताईंकडे बघत होते. गाडी थोडी डावीकडे ओढली गेली.

"समोर बघा," कुसुमताई म्हणाल्या. "खड्डा आहे."