दाजीकाकांच्या ट्रॅक्टरचं सोवळं

दाजीकाका ओटीवर उभ्याने वर्तमानपत्र वाचताना दिसले की आमच्या वाडीला कळून चुकायचं, नवं तेल फसलं. शेजारी झोपाळा रिकामा असे. एखादा नवखा पाहुणा "बसा ना काका" म्हणाला, तर काका म्हणत, "तूच बस. मला आज उभ्यानेच बरं वाटतं."

झालं होतं असं, की काकांच्या ट्रॅक्टरची लोखंडी बैठक नेमकी मागच्या दातेरी चाकांच्या पेटीवर होती. पेटीत तेल बरं असलं तर बैठक कोमट राही, वाईट असलं तर तिचा तवा होई. तेलाची परीक्षा काका ज्या अवयवाने करत, त्याचं नाव माझ्यासारख्या शाळामास्तराने लिहू नये. पण त्याचा निकाल कधी चुकला नाही, एवढं सांगतो.

सगळा मुलूख बैलांवर चालला होता तेव्हाची ही गोष्ट. रत्नागिरीस कोणी एक साहेब शेतीचे प्रयोग करत होता. प्रयोग संपले, साहेब विलायतेला निघाला आणि जाताना त्याने ट्रॅक्टर लिलावात काढला. बोली लावायला दाजीकाका एकटेच होते; तरी त्यांनी जोशात येऊन स्वतःचीच बोली वाढवली म्हणतात. ट्रॅक्टर पडावातून आमच्या खाडीत आला आणि धक्क्यापासून घरापर्यंत त्याला बैलांनी ओढून आणलं. बैलांना हद्दपार करणाऱ्या यंत्राची वरात बैलांनीच काढली, पण हा विनोद काकांच्या ध्यानात आला नाही.

"शेती सुधारायची," असं काका सांगत. आमचे कुणगे म्हणजे भाताचे एवढेएवढेसे तुकडे. ट्रॅक्टरची पुढची चाकं पलीकडच्या बांधाला लागत, तेव्हा मागची अजून आत यायची असत. तेव्हा शेती होती तशीच राहिली आणि काका रोज सकाळी ट्रॅक्टर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, नुसता फिरवून आणू लागले. सड्यावर जांभ्या दगडाशिवाय काही पिकत नाही. तिथे नांगरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिथे ट्रॅक्टर उत्तम चालला.

आता काकू. काकूंचे गुडघे धरलेले. माहेर वेळणेश्वरला, सडा ओलांडला की पलीकडे, पण वर्षानुवर्षं जाणं नाही. तिकडे म्हातारी आई लेकीची वाट बघत बसलेली. डोली करायची म्हटलं तर काकू म्हणत, "माणसांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं. आधीपासून सवय कशाला?" बैलगाडी म्हटलं तर चढणीला बैलांच्या तोंडाला फेस येतो. "मुक्या जनावराला माझ्या माहेराचं काय कौतुक?"

ट्रॅक्टर घरी आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी त्याला मागे गाडी जोडली, तीत गादी घातली आणि कोट चढवून अंगणात उभे राहिले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की शेतीसुधारणा कशाला म्हणतात. काकू खांबाला धरून दारापर्यंत आल्या आणि त्यांनी विचारलं, "ह्याच्या पोटात काय आहे?"

काकूंचा एक भाचा आगबोटीवर होता. यंत्राच्या तेलात गाईची चरबी असते, असं तो केव्हातरी सांगून गेला होता. दुसरा नवरा असता तर म्हणाला असता, "काही नाही गो, बस." पण काका खोटं बोलण्याच्या बाबतीत अगदी अडाणी. ते म्हणाले, "ठाऊक नाही." काकू आत गेल्या आणि त्या दिवसापासून ट्रॅक्टरचं सोवळं सुरू झालं. रॉकेलला काकूंची हरकत नव्हती; ते जळून जातं. पेटीतलं तेल मात्र मुरतं.

"पोटात काय जातं ते बघावं लागतं," हे मग काकांचं पालुपदच झालं. आधी खोबरेल झालं. ते पातळ पडलं आणि काका चार दिवस उभे राहिले. मग मुठेल, म्हणजे कोकमाचं तूप. थंडीत टाचांच्या भेगांना त्यासारखं औषध नाही. पण पौषातल्या सकाळी ते पेटीत साबणासारखं थिजलं आणि दातेरी चाकं त्यात रुतून बसली. काकांनी खाली झावळ्या पेटवल्या. तूप वितळायच्या आधी शेजारचं कुंपण गेलं. ते माझं होतं. उंडीचं तेल घातलं तर त्या वासाने वाडीतली कुत्री रस्ता बदलू लागली. किनाऱ्यावरच्या एका खारव्याने सरळ मनाने सुचवलं, "काका, मोरीचा तेल घाला. आम्ही होडीला लावताव. लय टिकता." मोरी म्हणजे मासा. काका घरी आले आणि नुसतं ऐकल्याबद्दल आंघोळ केली.

अखेर एरंडेल जमलं. बैठक गार राहिली आणि काका उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असे, झोपाळ्यावर बसू लागले. काकूंनीही शब्द दिला, "शिवरात्रीला जाऊ."

मधल्या काळात मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचा माणूस डोक्यावर सोला हॅट घालून डबा विकायला आला होता. "हे खनिज तेल आहे," तो म्हणाला.

"खनिज म्हणजे?"

"जमिनीखालचं."

"जमिनीखाली काय काय पुरतात ते मला माहीत आहे. आणखी काय घातलंय?"

"ते कंपनीचं गुपित आहे."

"ज्या स्वयंपाकघरात गुपित असतं, तिथे मी जेवत नाही," काका म्हणाले. बिचारा नमुन्याचा डबा ठेवून गेला. काकांनी तो गवत साठवायच्या मांगरात, देवघरापासून जास्तीत जास्त लांब ठेवला.

शिवरात्र तोंडावर आली आणि वेळणेश्वराहून गडी निरोप घेऊन आला. "म्हातारी जेवत नाय. लेकीला बघायची म्हणत्ये. उशीर करू नका."

काका ट्रॅक्टरकडे धावले. एरंडेलाचा तोवर डिंक झाला होता. काकांनी सगळी पेटी रॉकेलने धुऊन काढली, धोतराची पर्वा केली नाही. पण पुन्हा भरायला एरंडेल आणायचं कुठून? वैद्याकडे होतं ते बाटलीभर. तेवढ्याने फार तर वाडीतल्या मुलांची पोटं साफ झाली असती. काका मांगराकडे बघत उभे राहिले. मग आत गेले आणि उपरण्याखाली डबा लपवून बाहेर आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, तुम्ही काही पाहिलं नाहीत."

काकूंना आम्ही खुर्चीत बसवून अंगणात आणलं. ट्रॅक्टर सुरू होता. काकूंनी विचारलं, "पोटात काय घातलंत?"

"एरंडेल," काका आभाळाकडे बघून म्हणाले. त्यांचे कान लाल झाले.

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं. मग बसत्ये."

म्हातारी भेटली. लेकीच्या हातची पेज प्यायली, जावयाला ओळखलं, आणि ट्रॅक्टर बघायला मिळावा म्हणून उशीला टेकून बसली. आम्ही तिथे शिवरात्र केली आणि परत निघालो. काका पुढे ऐटीत बसलेले. काकूंना सावरायला मी मागे गाडीत होतो. सड्यावर आलो तेव्हा त्यांचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, रडताहेत. बघतो तर हसत होत्या.

"मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "घरातल्या सगळ्या पोरांना मी एरंडेल पाजलं. मला त्याचा वास कळत नाही होय?"

मी धीर करून म्हटलं, "तरी बसलात?"

"ह्यांना खोटं बोलता येत नाही हो. जन्मात जमलं नाही. ते माझ्यासाठी बोलले, केवढं कठीण गेलं असेल त्यांना. मी नुसतं बसायचं होतं." त्यांनी डोळे पुसले. "त्यांना सांगू नका हां. रात्रभर झोपायचे नाहीत."

मला हसू येत होतं. इतकी वर्षं ह्या माणसाची मी टिंगल केली, त्यातलं मला त्या घटकेला काही आठवेना.

एवढ्यात काकांनी मान न वळवता मोठ्याने विचारलं, "काय गो, एरंडेलाच्या वासाचा त्रास नाही ना होत?"

काकूंनी पदर नाकाला लावला आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या, "होतोय हो. पण सोसत्ये मी."