शून्य मतांची काळजी

दिनानाथ कर्णिकांनी आपला उमेदवारी अर्ज तीनदा वरून खाली वाचला, एकदा खालून वर वाचला, आणि तरीही तो नामंजूर होईल अशी भीती त्यांना वाटत राहिली. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते प्रयोगशाळा सांभाळत. एकदा बरोबर आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती.

गावाला नगरपालिका नवीनच मिळाली होती आणि ही तिची पहिली निवडणूक. पालेगावच्या रस्त्यालगतच्या त्यांच्या वॉर्डात एका अंगाला कारखान्यातल्या नोकरदारांच्या चाळी होत्या, दुसऱ्या अंगाला शेतकऱ्यांची घरे, आणि मधोमध दोघांची मिळून एक विहीर. त्या विहिरीचे पाणी दिनानाथांनी प्रयोगशाळेत नेऊन तपासले होते. त्यात काय निघाले ते त्यांनी आईला, म्हणजे माईंना, सांगितले, तेव्हा माई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. वॉर्डात नळ यायला हवा, आणि तो आणायचा तर नगरपालिकेत कोणीतरी आकडे समजणारे बसायला हवे. चाळीने आणि शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवले, कर्णिकसाहेबच जातील, बिनविरोध. दिनानाथांनी उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन बंद गळ्याचा काळा कोटही शिवायला टाकला.

"शादी है क्या, साईं?" माप घेता घेता सिंधी शिंप्याने विचारले.

"नाही. नगरपालिका है."

"एक ही बात है," शिंपी म्हणाला आणि खांद्याचे माप लिहू लागला.

राहिला प्रश्न अर्जाचा. प्रयोगाला जसा दुसरा नमुना बाजूला ठेवावा, तसा दिनानाथांनी दुसरा उमेदवार ठेवायचे ठरवले. आपला अर्ज छाननीत टिकला की त्याने त्याचा मागे घ्यायचा. त्यासाठी त्यांनी आनंदा भोईरला निवडले. आनंदा त्यांच्याकडे दुधाचा रतीब घाली आणि त्या दुधात पाणी नसे. हेही दिनानाथांनी तपासले होते.

"मना काय करायचा?" आनंदाने विचारले.

"काही नाही. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत कचेरीत येऊन सही करायची. मग तू मोकळा."

दिनानाथांचा अर्ज मंजूर झाला. शुक्रवारी ते एक वाजल्यापासून कचेरीच्या पायरीवर उभे होते. आनंदा सव्वाचारला आला. त्याच्या हातात चिकाची चरवी होती.

"म्हस व्याली, साहेब. पारडू आडवा आलता."

"अरे, पण तीन वाजता मुदत संपली."

"मी सांगितला तिला, थांब म्हनून. तिना ऐकला नाय."

कचेरीतल्या अधिकाऱ्याला म्हशीची अडचण पटली, पण नियमात म्हैस नव्हती. दोन उमेदवार, तेव्हा दोन पेट्या. दिनानाथांच्या पेटीवर कंदिलाचे चित्र, आनंदाच्या पेटीवर बैलगाडीचे. मतदाराने आडोशाला जाऊन आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. मतमोजणी त्याच संध्याकाळी, सर्वांसमक्ष.

रात्रीच्या जेवणात खरवस होता. दिनानाथांनी तो बाजूला सारला.

"तुम्ही कशाला काळजी करताय?" त्यांची बायको वृंदा म्हणाली. "सगळे तुम्हालाच मत देणार आहेत."

"तीच काळजी आहे. सगळे मलाच देणार. आनंदासुद्धा मलाच देणार आहे. मग आनंदाला किती पडतील?"

वृंदाने हिशेब केला. "शून्य."

"आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगणार. आनंदा भोईर, शून्य. पुढल्या वर्षी त्याच्या मुलीला बघायला लोक येतील, तेव्हा त्यांना हे कोणी ना कोणी सांगणारच."

"आपल्या कामासाठी त्या बापड्याची शोभा नको हो," माई म्हणाल्या आणि त्यांनीही खरवस बाजूला सारला.

दिनानाथांनी विचार केला. एक मत पडले तर ते त्याचे स्वतःचेच असे लोक म्हणतील. पाच केविलवाणी दिसतील. दहा हा आकडा सभ्य होता. त्यांनी चाळीतली दहा विश्वासू माणसे निवडली आणि एकेकाला वेगळे गाठून सांगितले. पहिला शेजारचा श्यामकांत.

"म्हणजे माझं मत तुम्हाला नको?" श्यामकांत जरा दुखावला.

"तसं नाही रे. तू तेवढं एक आनंदाला टाक. बाकीचे आहेतच मला. आणि कुणाला बोलू नकोस."

श्यामकांतने ते कुणाला सांगितले नाही, फक्त बायकोला सांगितले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपल्या शेजारी राहतो हे बायकोला कळू नये, असे त्याला वाटले नाही. त्या बाईने विहिरीवर चाळीतल्याच गोजरबाईंना तेवढे सांगितले. गोजरबाईंना वाटले, श्यामकांतची बायको हे दुसऱ्यांच्या गळ्यात घालते, म्हणजे त्या दोघांची स्वतःची मते काही आनंदाला जायची नाहीत, तेव्हा आपण एक टाकावे. चाळीत कोणीच दुसऱ्यावर विसंबायला तयार नव्हता. आनंदाची लाज आपल्या एकट्याच्या हातात आहे, अशी प्रत्येकाची खात्री पटली होती.

शेतकऱ्यांच्या घरांत मात्र अशी काही कुजबुज नव्हती. तिथे आनंदाच्या आईने, राजाबाईने, दारोदार जाऊन बजावले होते, "साहेबालाच द्या. आनंदा आपला घरचाच हाय, त्याला मत देऊन काय करायचा? तो काय रुसतो?"

मतदानाच्या दिवशी दिनानाथ शाळेच्या फाटकापाशी उभे होते. चाळीतली माणसे आतून बाहेर येत आणि त्यांचा हात दाबत.

"काळजी नको, साहेब. शून्य होणार नाही."

दुपारपर्यंत हे वाक्य त्यांना सव्वीस जणांनी ऐकवले. सांगितले होते दहा जणांना. दिनानाथांनी खिशातल्या वहीत सव्वीस हा आकडा लिहून त्याखाली रेघ मारली. वॉर्डात तीनशेच्या आसपास मते होती. सव्वीस म्हणजे शेकडा नऊ. नऊ टक्क्यांनी कंदील विझत नाही.

मग ते स्वतः आडोशाला गेले. दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या. आनंदा सकाळीच येऊन आपले मत कंदिलाला देऊन गेला होता आणि तसे जाहीरपणे सांगून म्हशीकडे परतला होता. समोरच्याने आपल्याला मत द्यावे आणि आपणही स्वतःलाच द्यावे, हे दिनानाथांना दोन वाट्या वाढून घेतल्यासारखे वाटले. त्यांनी चिठ्ठी बैलगाडीच्या पेटीत टाकली. बाहेर आल्यावर त्यांना फार हलके वाटले.

संध्याकाळी अधिकाऱ्याने पेट्या उघडल्या, चिठ्ठ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि चष्मा पुसला.

"दिनानाथ कर्णिक, एकशे एकेचाळीस. आनंदा भोईर, एकशे चव्वेचाळीस."

कोणी टाळी वाजवली नाही. चाळीतली माणसे एकमेकांकडे बघत होती आणि हळूहळू सगळ्यांना सगळे कळत होते. आनंदाचा चेहरा उतरला होता.

"ह्या काय झाला, साहेब? मी चोरी नाय केली. माझा मत तुमालाच हाय."

"माहीत आहे मला," दिनानाथ म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वही खिशात घालताना ती त्यांच्या हातून दोनदा खाली पडली.

"मी राजीनामा देतो."

"मग पुन्हा निवडणूक होईल. पुन्हा तुझी सगळ्यांना दया येईल. नको. तू चौथी शिकलायस ना? विहिरीच्या पाण्याचे आकडे मी लिहून देतो. तू उभा राहून वाच."

आनंदाने मान डोलावली. "वाचीन," तो म्हणाला. "पन सभेला घालायला माझ्याकं सदराच हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वृंदा दारात उजेडाला बसून काळ्या कोटाची बटणे सरकवून लावत होती. आनंदा अंगाने जरा रुंद होता. दिनानाथ शेजारी बसून नळाचा अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवत होते. लिहिता लिहिता ते थांबले.

"तुला म्हणून सांगतो. मी माझं मत आनंदाला दिलं."

वृंदाची सुई थांबली.

"पण मी गणित करून बघितलंय. हरलो तीन मतांनी. माझं मत मी मला दिलं असतं, तर त्याचं एक कमी, माझं एक जास्त. तरी एका मताने हरलोच असतो. तेव्हा माझ्या मतामुळे काही बिघडलं नाही." एवढ्यावरच त्यांना आदल्या रात्री झोप लागली होती.

"आणि आणखी एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर?"

"तर मी निवडून आलो असतो. पण तसं मत कुठलं काढायचं?"

वृंदाने दोरा दातांनी तोडला आणि कोट उजेडात धरून पाहिला.

"तुम्ही दहा जणांना सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही सांगितलंत. मला वाटलं, विसरलात."

दिनानाथांच्या टाकाचा नळाच्या अर्जावर मोठा डाग पडला. आत माजघरात माईंचा जप चालू होता, तो थांबला.

"वृंदे," माई आतून म्हणाल्या, "माझंही सांगून टाक त्याला."