हे बंद केलं तं कोन मरते?

सुधाकरभाऊंनी मीटिंगमध्ये घसा खाकरला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आता ते विचारणार, "हे बंद केलं तं कोन मरते?" आणि स्क्रीनवर पुण्याचे साहेब ऐकत असायचे.

वाशीमला बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस. पुण्याच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर करतो. किन्हीराजा गावचे सुधाकरभाऊ आमच्यात सगळ्यांत जुने. कंपनीत अ‍ॅजाईल पद्धत आली, म्हणजे कामाचे छोटे तुकडे पाडायचे आणि भराभर संपवायचे. तुकडे पडले, पण प्रत्येक तुकड्याला एक मीटिंग चिकटली. सकाळी उभ्या उभ्या, दुपारी अंदाज बांधायला, संध्याकाळी दिवसभर काय केलं ते सांगायला.

"काय केलं म्हनजे? मीटिंगा केल्या!" भाऊ म्हणायचे.

बिनकामाचं काम हुडकायचा त्यांना नादच. पुण्याला जाणारा शुक्रवारचा अहवाल त्यांनी गुपचूप पाठवणंच थांबवलं. आम्ही घाबरलो. कामं कमी झाली की माणसंही कमी होतात, हे आम्ही ऐकून होतो. पुण्याचा फोन वाजला की उचलायला कोणी पुढे होईना. पण कितीतरी शुक्रवार गेले, कोणी विचारलंच नाही.

"पाह्य! कोनी वाचतच नव्हतं. अन् तुमी भिऊन राह्यले."

मग एके दिवशी त्यांनी संध्याकाळची मीटिंगच कॅलेंडरमधून काढून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्क्रीनवरून कडाडले, "मीटिंग कुणी काढली?"

माझ्या शेजारी शोभाने टेबलाची कड घट्ट धरली.

"मी काढली, सर," भाऊ म्हणाले.

"कोणाला विचारून?"

"सकाळी सांगतो तेच संध्याकाळी सांगतो, सर. अन् तेवढ्यात इंझोरीची बस निघून जाते."

शोभाने चमकून वर पाहिलं. ती इंझोरीहून ये-जा करायची. ती बस चुकली की पुढच्या बसमधून उतरून अंधारात घरापर्यंत एकटीने जावं लागे. तिला त्याची भीती वाटते, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "आठवडाभर बघू. काम मागे पडलं, तर तुमची नोकरी तुम्ही सांभाळा."

"हो," भाऊ म्हणाले. आवाज शांत होता. दुपारी डबा मात्र ते उघडायलाच विसरले.

तो आठवडा आम्ही जीव मुठीत धरून काम केलं. काम मागे पडलं नाही. साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता सगळे उजेडात घरी जातात. परवा हेल्मेट विसरलं म्हणून मी जिना चढून परत आलो. भाऊ बंद लॅपटॉपसमोर एकटेच बसले होते. वहिनी वारल्यापासून ते घरी एकटेच असतात.

"भाऊ, जायचं नाही का?"

"जातो ना." ते उठले नाहीत. खिडकीकडे पाहत म्हणाले, "खरं सांगू काय तुले? मले ती संध्याकाळची मीटिंग लय आवडत होती."